गंमत कळली नाही, की कळून घ्यायची नव्हती?

(नगरमध्ये तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वक्ता नाही. माझं दिवसभराचं बोलणं बहुतेक टाइप करूनच होतं. त्यामुळे आजचा विषय माझ्यासाठी पोटापाण्याचाही आहे.

एक साधं वाक्य घेऊ. "शहाणा आहेस." अम्मी हे म्हणते तेव्हा तिचा हात आपल्या डोक्यावर असतो. दोस्त म्हणतो तेव्हा तो हसत असतो. आणि माळीवाड्याच्या गर्दीत कोणी गाडी आडवी घालून "लय शहाणा आहेस का?" म्हणतो, तेव्हा आपण गपचूप बाजूला होतो. शब्द तेच आहेत. अर्थ चेहऱ्यात होता, आवाजात होता, हातात होता. व्हॉट्सअ‍ॅपवर यातलं काहीच जात नाही, फक्त अक्षरं जातात.

मराठीत हा घोटाळा जरा जास्त होतो असं मला वाटतं, कारण आपली भाषा सूर वाक्याच्या शेपटीत ठेवते. "ये ना", "ये की", "ये हं", "ये बरं का". चारही बोलावणीच, पण चारांची चव वेगळी. टाइप करताना घाईत आपण शेपटी कापतो. उरतं फक्त "ये". तो हुकूम झाला. त्यात आपल्या घरात दखनी. "क्या रे, किधर मर गया था?" हे आपल्याकडे काळजीचं वाक्य आहे, प्रेमाचं आहे. तेच वाक्य ग्रुपवर एखाद्या नव्या कार्यकर्त्याला गेलं, की तो दोन दिवस विचार करतो, माझं चुकलं काय?

एका ग्रुपवर पाहिलेला प्रसंग सांगतो. रक्तदान शिबिर झालं. ज्या मुलाकडे पैसे होते त्याने रात्री जागून सगळा खर्च टाकला, मांडवापासून चहाच्या कपांपर्यंत. एका ज्येष्ठ सदस्याने खाली लिहिलं, "वा! हिशोब अगदी चोख." बस, एवढंच. मुलाने ते पुन्हा पुन्हा वाचलं. आधी कौतुक वाटलं, मग शंका आली, मग खात्रीच झाली की हा टोमणा आहे. त्याने उत्तर दिलं, "शंका असेल तर पावत्या दाखवतो." ज्येष्ठांना हा उर्मटपणा वाटला. त्यांनी नुसते जोडलेले हात टाकले.

आता जोडलेले हात म्हणजे नक्की काय? धन्यवाद? माफ करा? की "बाबा, तुझ्यापुढे हात टेकले"? आपल्याकडे तिन्ही. मुलगा ग्रुपमधून बाहेर पडला. पुढच्या शिबिराला तो नव्हता, आणि हिशोब ठेवायला कोणी तयार होईना. दोघांच्याही मनात वाईट काही नव्हतं. चळवळी मोठ्या मतभेदांनी फुटतात असं आपण समजतो. मला तर त्या बऱ्याचदा अशा एका ओळीने झिजताना दिसतात.

हे का होतं, याचा अभ्यास झालेला आहे. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. एकाने काही वाक्यं पाठवायची, काही मनापासून, काही उपरोधाने. दुसऱ्याने ओळखायचं, कोणतं काय. ईमेलने पाठवणाऱ्यांना वाटत होतं की समोरचा 78 टक्के वेळा बरोबर ओळखेल. प्रत्यक्षात ओळखलं 56 टक्के. नाणं उडवलं असतं तरी 50 टक्के आलं असतं! तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा ओळखण्याचं प्रमाण तीन चतुर्थांशाच्या आसपास गेलं. आणि वाचणाऱ्यांनाही वाटत होतं की आपल्याला अगदी नीट कळलं. म्हणजे लिहिणारा खात्रीने लिहितो, वाचणारा खात्रीने वाचतो, आणि मधे अर्थ पडलेला असतो.

कारण सोपं आहे. लिहिताना माझ्या डोक्यात माझाच आवाज वाजत असतो. तो मला ऐकू येतो म्हणून वाटतं की तुम्हालाही येतोय. तुमच्या डोक्यात मात्र तुमच्या त्या वेळच्या मूडचा आवाज वाजतो. रात्री साडेअकराला, दुकान बंद करून, दिवसभराचा थकवा घेऊन तुम्ही वाचता, तेव्हा माझी गंमत तुम्हाला टोचणारच.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे फार लवकर कळलं. 1982 साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकाच्या लोकांनी लिफ्टबद्दल थट्टा चालवली होती. लिफ्ट कोसळली तर आतल्या पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल, वगैरे. त्यावर एकाने गंमत म्हणून लिहिलं की लिफ्टमध्ये पारा सांडलाय. काहींनी ते खरंच मानलं. मग 19 सप्टेंबर 1982 ला स्कॉट फालमन या प्राध्यापकाने सुचवलं, की गंमत असेल तिथे विसर्गचिन्ह, आडवी रेघ आणि कंस टाका. मान वाकडी करून पाहिलं की हसरा चेहरा दिसतो. आज आपल्या फोनमध्ये चेहऱ्यांची जत्रा भरलीय, तिचा हा जुना पूर्वज. म्हणजे तो चेहरा सजावटीसाठी आला नव्हता. हरवलेला आवाज परत आणण्यासाठी आला होता.

पण चेहऱ्यांनी सगळं सुटलेलं नाही. वर केलेला अंगठा चाचांना "मान्य" वाटतो, आणि कॉलेजच्या मुलीला "बरं, पुरे आता." हसून डोळ्यात पाणी आलेला चेहरा कोणी आपल्या मुद्द्यावर टाकला, तर तो माझ्याबरोबर हसतोय की मला हसतोय, हे मलाही अजून कळत नाही.

आणि कधी कधी एका शब्दातूनच आख्खा सूर काढला जातो. आपल्या शहराचं नाव घ्या. 2024 मध्ये ते अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. तेव्हापासून लिहिताना जुनं नाव लिहिलं तरी कोणीतरी भूमिका वाचतो, नवं लिहिलं तरी वाचतो. कागदावर पत्ता लिहायचा असतो हो, जाहीरनामा नाही! बोलताना मात्र सगळे अजून "नगर"च म्हणतात. एसटीचा कंडक्टरही तेच म्हणतो. बोलण्यात जी ढील आहे ती लिहिण्यात नाही.

शेवगावच्या पलीकडे गोदाकाठी पैठण आहे. तिथे सोळाव्या शतकात संत एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. एक हिंदू आणि एक मुसलमान समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या धर्माची यथेच्छ टर उडवतात. शब्द चांगलेच झणझणीत आहेत. आणि शेवटी दोघे गळाभेट घेतात. आज त्यातल्या चार ओळी तोडून कोणी स्टेटसला ठेवल्या तर संध्याकाळपर्यंत काय होईल, विचार करा. एकनाथांची गंमत टिकली याची मला दोन कारणं दिसतात. ती दोन्ही बाजूंना सारखी बोचते. आणि ती अख्खी आहे, गळाभेटीपर्यंत. स्क्रीनशॉटला गळाभेट नसते.

इथून मी अवघड भागाकडे येतो.

मे 2023 मध्ये त्याच शेवगावात मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली. जूनमध्ये कोल्हापुरात काही मुलांच्या स्टेटसवरून शहर बंद झालं, हिंसा झाली, इंटरनेट तोडावं लागलं. त्या उन्हाळ्यानंतर आपल्या घराघरांत एकच सूचना गेली. काही लिहू नको, काही टाकू नको. आईबापांना दोष देत नाही. पण परिणाम बघा. ज्या ग्रुपांवर वाद व्हायचे, कोट्या व्हायच्या, तिथे आता जुम्मा मुबारकची फुलं आणि "फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात."

म्हणून एक फरक स्पष्ट करू. सूर न कळणं ही एक गोष्ट. सूर कळूनही उलटा लावणं ही दुसरी. रक्तदानाच्या हिशोबात पहिली गोष्ट घडली, तिला हसरा चेहरा, एक फोन, एक कप चहा पुरतो. दुसऱ्या गोष्टीला चेहरा पुरत नाही. तिथे समोरचा वाचत नसतो, शोधत असतो. आपण दोन्हींना एकच औषध देतो, गप्प बसणं. त्याने शोधणारा थांबत नाही, आणि आपसातलं बोलणं मात्र बंद पडतं.

कायदा काय म्हणतो, तेही ऐका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर 2022 मध्ये व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला. 5 ऑगस्टला त्यांनी जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस म्हटलं होतं, आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. उच्च न्यायालयात दिलासा मिळाला नाही. 7 मार्च 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. न्यायालयाने जी कसोटी लावली तिची मुळं आपल्याच नागपूरच्या जुन्या उच्च न्यायालयात आहेत, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या स्वातंत्र्यापूर्वीच्या निकालात. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसावर. प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या कमकुवत मनाच्या माणसावर नाही. मार्च 2025 मध्ये एका कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा पुन्हा धरला. आणि अ‍ॅडमिन मंडळींसाठी: सदस्याने लिहिलेल्या मजकुराबद्दल अ‍ॅडमिनला आपोआप आरोपी करता येत नाही, त्याचा हेतू सामील असल्याचं दिसावं लागतं, असं नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या प्रकरणात 2021 मध्ये सांगितलं.

मी वकील नाही. निकाल लागेपर्यंत माणसाची नोकरी, झोप, घर सगळं ढवळून निघतं, हेही मला दिसतं. प्राध्यापकांना दीड वर्षं लागली. म्हणून बिनधास्त काहीही टाका असं मी म्हणत नाही. पण "आपल्याला बोलायला जागाच नाही" हेही खरं नाही.

आता आपल्या घरातलं. उलटा सूर लावण्याची मक्तेदारी दुसऱ्यांकडे आहे असं समजू नका. एखादी मुलगी ग्रुपवर लिहिते, "मशिदीत आमच्यासाठी जागा कधी? पार्किंग तर वाढलं." तिची गंमत सगळ्यांना कळते. तरी पाच मिनिटांत कोणीतरी लिहितो, "दीन का मजाक मत उडाओ." मुद्दा पार्किंगचा होता भाई! तिला उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून तिचा सूर बदलून घेतला. ती पुन्हा लिहीत नाही. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टर उडवू नका असं सांगितलंय, हे आपण लगेच दुसऱ्याला ऐकवतो. त्याच्या पुढच्याच आयतीत वाईट संशय घेऊ नका असं आहे. ती मात्र फारशी फॉरवर्ड होत नाही.

काही युक्त्या आमच्या कामातून सांगतो. आमच्याकडे एकाचा कोड दुसरा तपासतो आणि शेरे लिहितो. किरकोळ शेरा असेल तर आधी 'निट' असं लिहायची पद्धत आहे. इंग्रजीत निट म्हणजे लीख, उवेचं अंडं. म्हणजे "मी फक्त लिखा काढतोय, तुझं डोकं वाईट नाही." हा एक शब्द कितीतरी भांडणं वाचवतो. आपणही लिहू शकतो: "गंमत करतोय", "मनापासून विचारतोय", "टोमणा नाही". पांचट वाटतं, मान्य. पण शिबिराचा हिशोबनीस टिकतो. लिनक्स बनवणारे लिनस टोरवाल्ड्स त्यांच्या जहाल ईमेलसाठी जगभर प्रसिद्ध होते. 2018 मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागून काही दिवस सुटी घेतली. इतक्या वर्षांचा दरारा असलेल्या माणसाला जमतं, तर तालुका समितीच्या अध्यक्षाला जमायला हरकत नाही.

चिडवायचंच असेल तर स्वतःला किंवा खुर्चीवरच्याला चिडवा, नवख्याला नको. मय्यतच्या बातमीखाली कोटी नको, ती कितीही भारी असो. मनाला लागलं तर चारचौघांत उत्तर देण्याआधी त्या माणसाला फोन करा आणि विचारा, "हे गमतीत होतं का?" बहुतेक वेळा समोरचा घाबरून म्हणतो, "अरे, अर्थात!" आणि जर तो म्हणाला, "नाही, मनापासूनच होतं," तर छान, आता खऱ्या मुद्द्यावर भांडता येईल. व्हॉइस नोट पाठवा. लांब नको, सहा मिनिटांची व्हॉइस नोट हा वेगळा जुलूम आहे.

आणि कोणी दुसऱ्याचा स्क्रीनशॉट दाखवून "बघ काय लिहिलंय" म्हणालं, तर वरच्या दहा ओळी मागा. नसतील तर मत देऊ नका.

आता प्रश्न. आयोजकांनी चिठ्ठ्या ठेवल्यात, पण त्या राहू द्या. उभं राहून विचारा, म्हणजे सूर कळेल.