कच्चे मडके आणि गुणपत्रिका



शालेय परीक्षेतील गुण म्हणजे बुद्धीचे आणि कष्टांचे माप होय, ही समजूत समाजात इतकी रुजली आहे की दहावीचा निकाल लागताच घरोघरी मुलाची किंमत टक्क्यांत सांगितली जाते. परंतु हे माप स्वतःच किती हलते, हे राज्य मंडळाच्या निकालांतूनच दिसते. २०१९ मध्ये भाषा विषयांच्या अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेनेच तोंडी परीक्षा घेऊन द्यावयाचे, २० गुण बंद झाले आणि आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण पुन्हा सुरू झाले, तेव्हा निकाल ९५.३० टक्के लागला. मुलांची बुद्धी वर्षावर्षाला अशी घटत-वाढत नसते.

कष्टांचे मोजमाप तर याहून अवघड. परीक्षेच्या दिवसांतच हिंगोली परिसरात हळदीचा हंगाम भरात असतो. पिवळ्या पडलेल्या बोटांनी हळकुंडात काडी खुपसून ते शिजले की नाही हे ओळखणारी मुलगी रात्री पुस्तक उघडते, आणि तिची ती पारख व ते श्रम कोणत्याही उत्तरपत्रिकेत उतरत नाहीत. हा तिच्यावर अन्याय आहे.

मात्र त्या काडीतच परीक्षेचा खरा अर्थही आहे, कारण ती हळकुंड टाकून देण्यासाठी नव्हे, तर आणखी किती आच लागेल हे कळण्यासाठी खुपसली जाते. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये तयार केलेली बुद्धिमापन चाचणीदेखील कोणत्या मुलांना अधिक मदत हवी, हे शोधण्यासाठीच होती. परंपरा सांगते की संत गोरा कुंभार, म्हणजेच गोरोबाकाका, यांनी थापटण्याने, म्हणजे मडक्याला ठोकून आकार देण्याच्या लाकडी साधनाने, संतांची डोकी तपासली आणि याच हिंगोली परिसरातील नरसीचे नामदेव कच्चे ठरले. परंतु त्या परीक्षेतून आपल्यात काय उणे आहे हेही त्यांना उमगले, म्हणून ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले, आणि पुढे त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली.

दहावीच्या विद्यार्थ्याच्या हाती मात्र केवळ आकडा पडतो. मडके नेमके कोठे कच्चे राहिले हे पाहावयाचे असेल, तर उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी शुल्क भरून मंडळाकडे अर्ज करावा लागतो, आणि ती मिळेपर्यंत त्याच्या गुरुजींचा वर्ग केव्हाच सुटलेला असतो.