गुडघे वाकवा, पण केव्हा?

थंडीत पुण्या-मुंबईहून गुलमर्गला किंवा औलीला जाणारे सगळेच काही बर्फाचे गोळे फेकून, फोटो काढून परतत नाहीत. आठवडा-दोन आठवड्यांचा स्कीइंगचा कोर्स करणारेही त्यांत असतात. उतारावर त्यांच्या कानी दिवसभर एकच हाक पडते, ‘घुटने मोडो!’ हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. शिकणारा बिचारा गुडघे वाकवतो आणि तसाच वाकून राहतो. मांड्या पेटतात, स्की पुढे पळतात आणि बुड बर्फावर आपटतं. राहिलेल्या अर्ध्या सल्ल्याबद्दल आज बोलू या. पाय कोणता, तो केव्हा वाकवायचा आणि केव्हा लांब करायचा?

आधी घोट्याचं बघू. स्कीचा बूट प्लास्टिकचा, टणक, पोटरीपर्यंत चढलेला. त्यात घोटा जखडल्यासारखा वाटतो, म्हणून नवखा माणूस सगळं वाकणं गुडघ्यात आणि कमरेत उरकतो. वजन टाचांवर जातं, स्कीची पुढची टोकं हलकी पडतात आणि वळण काही केल्या सुरू होत नाही. घोटा, गुडघा आणि खुबा हे तिन्ही सांधे मिळून वाकले, तरच वजन पावलाच्या मधोमध राहतं. याची खूण सोपी आहे. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी. ती सुटली की तुम्ही मागे बसलात म्हणून समजा.

आता प्रत्यक्ष वळण. डावीकडे वळताना उजवा पाय बाहेरचा. भार मुख्यतः त्याच्यावर. वळणाच्या ऐन मध्यावर हा पाय लांब असतो, जवळजवळ सरळ, फक्त गुडघा ताठ केलेला नसतो. आतला पाय त्याच वेळी दुमडलेला. अंग वळणाच्या आत कलायचं, स्की कडेवर चढायची, तर दोन पायांची लांबी अशी कमी-जास्त व्हावीच लागते. दोन्ही पाय सारखेच वाकवून कोणी आत झुकला, की वजन आतल्या पायावर येतं आणि बाहेरची स्की भरकटते.

खरी गोम आहे ती वळण संपताना. सुरुवातीला पायांखाली भार कमी जाणवतो. पुढे स्की उताराला आडव्या होऊ लागतात, तसा उताराचा ओढा आणि वळणाचा रेटा एकाच बाजूला येतात आणि पाय जड होतात. अशा वेळी माणूस स्वाभाविकपणे पाय ताणून त्या भाराला विरोध करतो. वेगात असेल तर तो वर उचलला जातो, स्कीची बर्फावरची पकड सुटते आणि पुढचं वळण हवेतच सुरू होतं. करायचं याच्या उलट. बाहेरचा पाय ढिला सोडायचा, वाकू द्यायचा. भार ओसरतो, कडा सुटतात, अंग स्कींवरून उताराच्या बाजूला सरकतं आणि मग नवा बाहेरचा पाय लांब होत जातो. म्हणजे पाय सगळ्यात आखूड दोन वळणांच्या मध्ये, सगळ्यात लांब वळणाच्या पोटात. घाटात एस.टी.त उभ्यानं प्रवास केलेल्यांना हे वेगळं शिकवायला नको. धक्का आला की ते गुडघे ढिले सोडतात, ताठ करत नाहीत.

पूर्वी मात्र ‘उठा आणि वळा’ असंच शिकवत, आणि ते काही वेडे नव्हते. तेव्हाच्या स्की दोन मीटरहून लांब आणि जवळपास सरळ असत. त्या फिरवायच्या तर आधी हलक्या करणं भाग होतं. फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे प्रशिक्षक जॉर्ज जूबेर आणि १९६० चे ऑलिम्पिक विजेते जाँ व्हुआर्ने यांनी शर्यतपटूंचं बारकाईनं निरीक्षण केलं आणि पाय वाकवून वळण बदलण्याची रीत १९६० च्या दशकात पुस्तकातून मांडली. पुढे १९९० च्या दशकात कमरेला अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद अशा आखूड स्की आल्या. अशी स्की कडेवर कलली की वाकते आणि आपणहून वळते, तिला उचलावं लागत नाही. नवख्याला कमी वेगात उठून वळणं आजही सोपं जातं, त्यानं तसं खुशाल वळावं. पण जो प्रशिक्षक तिथेच थांबतो, तो शिष्याला सोप्या उतारावर अडकवून ठेवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेची स्कीपटू मिकाएला शिफ्रिन हिनं मार्च २०२३ मध्ये स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कचा ८६ विश्वचषक विजयांचा विक्रम मोडला. तिची स्लालमची, म्हणजे जवळजवळच्या खांबांमधून वळत जाण्याच्या शर्यतीची, एखादी फेरी संथ गतीनं बघा. डोकं जवळपास एका उंचीवर राहतं. खाली पाय मात्र सतत लांब-आखूड होत असतात. गुलमर्गच्या अफरवाट शिखरावरच्या भुसभुशीत, खोल बर्फात थोडा फरक पडतो. तिथे एकाच पायावर भार दिला तर ती स्की बुडते, म्हणून दोन्ही पाय बरेचसे बरोबरीनं वापरावे लागतात.

घरच्या घरी करण्याजोगा एक सराव सांगतो. जिन्यावर कठड्याला धरून आडवे उभे राहा, एक पाय वरच्या पायरीवर, दुसरा खालच्या. खालचा पाय लांब, वरचा दुमडलेला, वजन खालच्यावर. आता तोंड फिरवून दुसऱ्या बाजूला वळायचं आहे, पण त्याआधी खालचा पाय सावकाश वाकवा, आणि मगच वळा. हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे. बर्फावर गेल्यावर सोप्या उतारावर वळा आणि वळणाच्या मध्यावर आतल्या स्कीची शेपटी बोटभर उचलून बघा. उचलता आली तर भार बाहेरच्या पायावर आहे. नाही आली तर अजून आत झुकताय.

एक विनंती. भाड्याचे बूट घेताना घाई करू नका. बूट घालून, बकलं लावून, दुकानातच नडगी पुढे दाबून बघा. घोटा जरासुद्धा वाकत नसेल तर तो बूट तुमच्यासाठी फार कडक आहे, आणि बाहेरच्या थंडीत प्लास्टिक आणखी कडक होतं. दुसरा जोड मागा. दुकानदार कुरकुरला तरी मागाच.