किती जणांशी बोलायचं?

संशोधनाचा आराखडा घेऊन आलेला विद्यार्थी बहुधा पहिल्याच भेटीत विचारतो, 'मॅडम, मुलाखती किती घेऊ?' त्याला आकडा हवा असतो. सर्वेक्षण असेल तर तो सूत्रानं काढता येतो. तिथं शंभरातले किती, हे मोजायचं असतं. पण माणसं असं का वागतात, हे समजून घ्यायचं असेल तर सूत्र कामाला येत नाही.

ग्लेसर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ साली सांगितलं, की नवं काही हाती लागेनासं झालं की थांबावं. ते नेमकं कधी होतं? ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ते मोजूनच पाहिलं. घाना आणि नायजेरियातल्या ६० स्त्रियांच्या मुलाखती त्यांच्यापाशी होत्या. घानातल्या मुलाखतींत मिळून १०९ मुद्दे निघाले. त्यातले ८० पहिल्या सहा मुलाखतींतच आले होते, आणि बाराव्यापर्यंत १००! तेव्हापासून 'बारा' हा आकडा पाठ झाला. त्या स्त्रिया बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्नही सर्वांना सारखेच होते, ही अट मात्र विसरली जाते.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या आरोग्याचा अभ्यास आहे. मुकादमानं टोळीतल्या बारा जणी गाठून दिल्या, सगळ्या नवऱ्याबरोबर आलेल्या. सातवीपासून तेच तेच ऐकू येऊ लागतं. विद्यार्थी खूश! पण निवड कुणाची? ज्याच्याकडून उचल घेतली, त्यानंच आणून बसवल्यावर कोण मोकळं बोलेल? शेजारच्या खोपीत एखादी विधवा 'अर्धा कोयता' म्हणून आलेली असेल, तिला कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून मी 'बारा ते वीस' असं लिहायला लावते, आणि त्याखाली कोणकोणत्या परिस्थितीतल्या बायका, ते. मुकादमाला वगळून निदान काही जणी शोधायच्याच. आणि ध्वनिमुद्रण उतरवून वाचल्याशिवाय पुढची मुलाखत नाही. नवं येतंय की नाही, ते एरवी कळणार कसं?

परीक्षकांवर छाप पडावी म्हणून पन्नास मुलाखती करणारेही भेटतात. तासाभराचं बोलणं उतरवायला चार-पाच तास सहज जातात. मग निम्म्या फिती कपाटातच राहतात. फडावरून दमून आलेल्या बाईनं स्वयंपाक मागे ठेवून तो तास दिलेला असतो, आणि पहाटे तिला पुन्हा ऊस तोडायला जायचं असतं.