पोत्याची झूल आणि कोठ्यातली खोडकर पिल्लं



झूल म्हटली की आपल्याला पोळ्याचा बैल आठवतो. पण आज आम्ही बोलणार आहोत ते थंडीतल्या साध्या झुलीबद्दल. पोतं कापून, दाभणानं शिवून आपण बकरीच्या, वासराच्या अंगावर घालतो, ती झूल.

आपला नागपूर जिल्हा उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध, पण थंडीही काही कमी नाही. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. अशा रात्री नुकतं जन्मलेलं पिल्लू, नुकतीच व्यालेली बकरी आणि आजारी जनावर यांना झुलीची ऊब लागतेच.

अडचण अशी की झूल एकीच्या अंगावर असते आणि खेळ बाकीच्यांचा होतो. एक पिल्लू कोपरा ओढतं, दुसरं गाठ चघळतं, तिसरं शिंगानं उचकतं. सकाळी पाहावं तर अर्धी झूल गायब. आपण म्हणतो, जाऊ द्या, जुनं पोतं होतं. पण मैत्रिणींनो, तो गायब तुकडा गेला कुठे, हे विचारायला पाहिजे. तो कोणाच्या तरी पोटात गेलेला असतो.

आमच्या एका सदस्य ताईच्या पाठीनं असंच खाणं सोडलं होतं. रवंथ बंद, डावी कूस फुगलेली. पाठ वाचली नाही. पोटातून सुतळी आणि प्लास्टिकच्या धाग्यांचा गुंता निघाला. बकरी गेली, पण गटाच्या कर्जाचा हप्ता तर भरावाच लागला. म्हणून झूल जपणं म्हणजे फाटक्या पोत्याची काळजी नाही, जनावराच्या जिवाची आहे.

आता झूल कशी करायची ते ऐका. पोतं तागाचंच घ्या. युरियाची चुंगडी कितीही धुतलेली असो, वापरू नका. युरिया चाटण्यात आला तर जनावराला विषबाधा होते. शिवाय प्लास्टिकचे धागे पोटात पचत नाहीत. तागाचं पोतं धुऊन, उन्हात वाळवून घ्या. धान्याचा, ढेपेचा वास राहिला तर बाकीच्या बकऱ्या त्याला तोंड लावणारच. आतून जुन्या सुती लुगड्याचं अस्तर लावा. नायलॉनचं पातळ नको.

चारही कडा आत दुमडून शिवा. लोंबणारा दोरा म्हणजे पिल्लांना खेळायला बोलावणंच. बांधायला सुतळीऐवजी दोन बोटं रुंद सुती पट्टी लावा, एक छातीपुढून, एक पोटाखालून. पट्टी आणि अंग यांच्यात दोन बोटं जातील इतकी सैल ठेवा. गाठ एका ओढीत सुटणारी असावी, म्हणजे दुसरीचं शिंग अडकलं तर लवकर सोडवता येतं. उरलेलं टोक झुलीखाली खोचा. पट्टी कासेवर दाबू नये, आणि बोकडाच्या लघवीच्या जागेवर येऊ नये. तार आणि सेफ्टी पिन तर अजिबात नको. गाई-म्हशी निवडून खात नाहीत. गिळलेली तार दुसऱ्या पोटातून थेट हृदयापर्यंत टोचू शकते.

काही बाया कडांना कडुनिंबाचा पाला चोळतात. पण बकरी तर कडुनिंब मिटक्या मारत खाते! त्यापेक्षा नवीन रोपांना बकऱ्यांनी तोंड लावू नये म्हणून आपण शेणकाला शिंपडतो ना, तोच बाहेरच्या कडांना लावा आणि पूर्ण वाळवा. ओली झूल अंगावर घालू नका, ती उलट गारठा धरते.

नुसतं शिवणकाम मात्र पुरत नाही. पिल्लं झूल का चघळतात, हे पाहायला पाहिजे. एक कारण भूक. थंडीची रात्र मोठी असते आणि गव्हाण रिकामी असते. संध्याकाळी तुरीचं कुटार किंवा सुकलेला पाला टाकून ठेवा. दुसरं कारण क्षारांची कमतरता. जनावर माती, हाडं, कापड चघळत असेल तर डॉक्टरांना दाखवा, क्षार-विटा टांगा, जंतनाशक वेळेवर द्या. तिसरं कारण दाटी आणि कंटाळा. खेळकर पिल्लांना झूल घातलेल्यांपासून वेगळं बांधा. मध्ये तट्ट्या लावला तरी चालतो. त्यांच्या बाजूला विटांचा छोटा ओटा करा, सुबाभळीची फांदी उंच टांगा. पिल्लांना उड्या मारायला, ओढायला काहीतरी मिळालं की झुलीकडे लक्ष जात नाही.

आणि प्रत्येकीला झूल कशाला? धडधाकट मोठ्या बकरीला कोरडी जागा आणि वाऱ्याला आडोसा पुरतो. मौदा-रामटेककडे तणीस आहे, ती खाली अंथरा. पडदे कोठ्याच्या बाहेरून लावा, म्हणजे आतल्या तोंडांना पुरणार नाहीत. वरून हवा जायला जागा ठेवा, नाहीतर मुताचा उग्र वास कोंडून खोकला होतो.

ऊन चढलं की झूल काढा, उन्हात टाका आणि चारही कोपरे मोजा. तुकडा कमी असेल तर चार दिवस सगळ्यांवर लक्ष ठेवा. कोणी रवंथ थांबवली, कूस फुगली, लेंड्या कमी झाल्या, तर पशुसखीला सांगा, पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा. तोंडातून किंवा मागून सुतळी दिसली तर ओढू नका, आत आतड्याला इजा होते. घाईनं तेलही पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीला प्रत्येकीनं एक तागाचं पोतं, एक जुनं लुगडं आणि दाभण घेऊन या. जिचा हात शिवणात बसलेला आहे, तिनं बाकीच्यांना शिकवायचं. ज्यांच्याकडे लहान पिल्लं आहेत, त्यांच्या झुली आधी शिवू. थंडी काही आपल्यासाठी थांबणार नाही.