पाण्याशी भांडू नका

श्रोतेहो, उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावच्या विहिरीवर पोरांची झुंबड उडते. कोणाच्या कमरेला सुका भोपळा, कोणाच्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा. नवखा पोरगा पाण्यात पडला की काय करतो, हे आपण सर्वांनी पाहिलेलं आहे. मान ताठ वर काढतो, पाय खाली सोडतो आणि दोन्ही हातांनी पाणी बडवीत सुटतो. दोन मिनिटांत त्याचा दम निघतो. तेवढ्यात एखादा जाणता गडी फारसा आवाज न करता चार हातांत पलीकडची कपार गाठतो. पोरापाशी जोर कमी होता असं नाही. मग फरक कशाचा? आज त्या फरकाचीच गोष्ट सांगणार आहे. शर्यतीच्या पोहण्याचा इतिहास म्हणजे याच एका प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा इतिहास आहे.

शे-दीडशे वर्षांपूर्वी युरोपात सभ्य पोहणे म्हणजे छातीवर, बेडकासारखे हातपाय फाकून पोहणे. १८४४ साली लंडनमध्ये उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींपैकी दोघे जण शर्यत पोहले. ते पवनचक्कीच्या पात्यांसारखे हात आळीपाळीने पाण्याबाहेरून फिरवीत आणि पाय वरखाली हाणीत. लोकांनी नाके मुरडली. किती हे पाणी उडवणे, किती हा रानटीपणा! त्यांच्याशी पुढे एक इंग्रज बेडकाच्या पद्धतीने पोहला आणि जिंकलाही. झालं! त्या हातांत काही शिकण्यासारखे आहे, हा विचारच बाजूला पडला.

पुढे ट्रजन नावाचा एक इंग्रज दक्षिण अमेरिकेत राहून आला. तिथल्या लोकांकडून तो हात पाण्याबाहेरून टाकायला शिकला. १८७३ साली त्याने लंडनमध्ये ते करून दाखवले, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. पण सुधारणा अर्धीच झाली होती. हात नवे, पाय मात्र जुनेच, बेडकाचे. बैलगाडीला चांगली खिलारी जोडी जुंपावी आणि चाकाला खुंटी अडकवून ठेवावी, तसा तो प्रकार!

ती खुंटी निघाली ऑस्ट्रेलियात. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवरचा ॲलिक विकहॅम नावाचा मुलगा सिडनीत राहत होता. बेटावरची पोरं पोहतात तसाच तो पोहे. पाय सरळ ठेवून वरखाली हलवायचे आणि हात एकामागून एक टाकायचे. त्याला पाहून कोणीतरी म्हणाले की हा पोरगा पाण्यावर रांगतोय, आणि त्यावरून या पद्धतीला ‘क्रॉल’, म्हणजे रांगणे, हे नाव पडले, असे सांगतात. सिडनीच्या कॅव्हिल घराण्यातल्या मुलांनी ही पद्धत उचलली आणि जगभर नेली. पुढे अमेरिकेच्या चार्ल्स डॅनियल्सने हाताची आणि पायाची लय नीट जुळवली. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटरची शर्यत जिंकली.

हवाई बेटांवरच्या ड्यूक कहानामोकूची हकिगत तर ऐकण्यासारखी आहे. १९११ साली होनोलुलूच्या बंदरात त्याने इतकी कमी वेळ दिली की दूरच्या अधिकाऱ्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी ती नोंद मान्य केली नाही. दुसऱ्याच वर्षी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटरचे सुवर्णपदक घेऊन उत्तर दिले. ज्यांना अडाणी म्हणून हिणवले, त्यांच्याच मुलांकडून शेवटी साऱ्या जगाने पोहणे शिकून घेतले. शिक्षकबंधूंनो, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराकडे पाहताना ही गोष्ट आठवावी.

आता थोडे आकडे पाहू. १८९६ साली अथेन्सला, उघड्या समुद्राच्या थंडगार पाण्यात, हंगेरीच्या आल्फ्रेड हायोशने १०० मीटर अंतर १ मिनिट २२.२ सेकंदांत कापले. १९१२ साली स्त्रियांना प्रथमच ऑलिंपिकमध्ये पोहायला मिळाले. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅकने क्रॉल पोहून तेच अंतर कापले आणि वेळ लागली नेमकी तेवढीच, १ मिनिट २२.२ सेकंद! सोळा वर्षांपूर्वीच्या पुरुष विजेत्याची तिने बरोबरी केली. १९२२ साली जॉनी वाइसमुलरने ही वेळ एका मिनिटाच्या आत, ५८.६ सेकंदांवर आणली. १९२६ साली गर्ट्रूड एडर्ले ही मुलगी क्रॉल पोहून इंग्लिश खाडी पार झाली. तिच्याआधी पार गेलेल्या सर्व पुरुषांपेक्षा तिला सुमारे दोन तास कमी लागले. आणि २०२४ साली पॅरिसला चीनच्या पान झानलेने १०० मीटर ४६.४० सेकंदांत संपवले. तलाव सुधारले, सराव वाढला, खाणेपिणे सुधारले, हे खरेच. पण या सगळ्याच्या बुडाशी आहे ती पोहण्याची रीत.

या रीतीचे मर्म काय? पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते. वेग दुप्पट करायला जावे, तर पाण्याचा विरोध सुमारे चौपट होतो. म्हणजे नुसता जोर वाढवून फार पुढे जाता येत नाही. आधी अडथळा कमी केला पाहिजे. होडी निमुळती का करतात? त्याच कारणाने. पोहणाऱ्यानेही आपल्या अंगाची होडी करायची.

रशियाचा अलेक्झांडर पोपोव्ह हा याचा उत्तम नमुना. १९९२ आणि १९९६ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये ५० आणि १०० मीटरच्या शर्यती त्यानेच जिंकल्या. त्याचे हात लांब आणि संथ पडत, पाणी फारसे उडत नसे. पाहणाऱ्याला वाटावे, हा काही घाईत नाही!

आता हे विहिरीवर कसं आणायचं? चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, मान ताठ ठेवू नका. डोके वर काढले की कंबर आणि पाय खाली जातात. तोंड पाण्यात, नजर तळाकडे. दुसरी, श्वास पाण्यात नाकातोंडाने सावकाश सोडा आणि डोके न उचलता, फक्त एका कुशीला वळवून आत घ्या. दमछाक बहुधा हाताने होत नाही, कोंडलेल्या श्वासाने होते. तिसरी, पाय गुडघ्यातून झाडू नका, कमरेच्या सांध्यापासून सैल हलवा. चौथी, हात पुढे लांब टाका आणि पाणी खाली न दाबता मांडीपर्यंत मागे सारा.

मात्र एक इशारा. पोरांना एकटं कधीच पाण्यात सोडू नका. काठावर जाणता पोहणारा हवा, दोर हवा, आणि नवख्याच्या कमरेला भोपळा हवाच. आणि हो, मुलींनाही शिकवा. बुडणारं पाणी मुलगा की मुलगी असं विचारत नाही.

आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला, हे आपण ऐकलं असेल. प्रत्येक गावातून ऑलिंपिकला पोहणारा निघेल असं मी म्हणत नाही. पण गावातलं प्रत्येक पोर पाण्यात पडलं तर न घाबरता काठाला लागावं, एवढं तर आपण करू शकतो ना? जाणता गडी त्या पोराला सांगतो तेच मी सांगतो. बाबा रे, पाण्याशी भांडू नकोस. अंग सैल सोड, लांब हो, पाणीच तुला उचलून धरील.