आईचे चरित्र कोण लिहिणार?



वर्धापनदिनी आनंदाचे बोलावे असा रिवाज आहे. परंतु चिटणीसबाईंनी ‘आई’ हा विषय मजकडे सोपविला, आणि जिची आई एकाएकी गेली तिला या विषयात सुख नि दुःख वेगळे काढता येत नाही. तेव्हा दोन्ही गोड मानून घ्यावे.

दीर्घ आजाराने जाणारी आई निदान चार शब्द बोलून जाते. कुणाचे देणे राहिले, धाकट्याला सांभाळा, असे काही सांगते. अचानक गेलेली आई काहीच सांगत नाही. माझी माय अशीच गेली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. १९९९ साली जिल्हा वेगळा झाला, तो तिने पाहिला नाही. श्रावणात धानाचा रोवणा करून ती घरी आली, छातीत कळ आली, आणि दिवेलागणीच्या आत सारे संपले.

मागे तिची पेटी उघडली. तीत दोन लुगडी, विड्यांच्या हिशेबाचे कार्ड आणि कात्री. फोटो नाही, पत्र नाही. तिचे चरित्र मग त्या कात्रीतच वाचावे लागले. उन्हाळ्यात जंगलातून तेंदूपाने तोडून ७०-७० पानांची पुडकी बांधायची, पावसाळ्यात बांधीच्या चिखलात रोवणा करायचा, आणि उरलेल्या दिवसांत विड्या वळायच्या. पान भिजवा, कापा, तंबाखू भरा, वळा, दोरा बांधा. मजुरी हजारावर, छाटणीत बाद झालेल्या विड्यांची कष्टाई फुकट. कात्रीच्या मुठीला तिने चिंधी गुंडाळली होती, बोटांचे घट्टे दुखू नयेत म्हणून. तरी ढिली विडी ती देत नसे. म्हणे, “घेणाऱ्याचाही पैसा घामाचाच असतो.” तिने आम्हांला दुसरा उपदेश कधी केला नाही. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, त्यात मजुरणीची नोंद होती. पण तिच्या या वाक्याची नोंद कोण ठेवणार?

एका मुलाने अशी नोंद ठेवली. १९१७ साली कोकणात पालगडला यशोदाबाई साने वारल्या, तेव्हा मुलगा पुण्यास शिकत होता. तो घरी पोचला तो आई गेल्यावर. अखेरची भेट नाही, अखेरचा शब्द नाही. पुढे तेच साने गुरुजी झाले, आणि १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. त्यावर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पण पुस्तकात आहे काय? पत्रावळ लावणे, पोहायला शिकणे, पाय मळू नयेत म्हणून केलेला हट्ट. घरोघरी घडते तेच.

भगिनींनो, आपल्याकडे साने गुरुजी घरोघरी नसतात. पण शाळेत गेलेली मुलगी आज घरोघरी आहे. म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाने एक जाड वही घालावी. प्रत्येकीने आपल्या आईला, सासूला, शेजारच्या म्हातारीला विचारावे: माहेर कोणते, पहिली मजुरी किती मिळाली, लेकरे किती झाली, किती जगली, कशाची भीती वाटली, कशाचे हसू आले. त्या “काय सांगू बाई, त्यात काय विशेष?” म्हणतील. तरी लिहावे. मृत्यू निरोप देऊन येत नाही. वही मात्र आज सायंकाळीच आणता येते. पहिल्या पानावर त्या कात्रीची हकीकत मी लिहून देईन.