बैलाची जखम : पाहावी कशी, सांगावी कशी



पाऊस लागला की मावळात चिखलणीची घाई सुरू होते. लोणावळ्याकडे तर उघडीप म्हणून मिळत नाही. इंद्रायणी भाताचं रोप आवणीला आलेलं असतं, आणि नेमका बैलाचा खांदा सुजतो. भिजलेल्या कातड्यावर जू घासतं, साल निघते. जोडीत एक बैल उंच, दुसरा ठेंगणा असला तर त्रास अधिकच.

मग निरोप जातो, "बैलाला लागलंय." एवढ्यावरून डॉक्टरांनी औषध तरी कोणतं आणावं? नाणे मावळातून असाच मोघम निरोप एकदा मीच दिला. डॉक्टर सुजेचं औषध घेऊन आले, पाहतात तर जखमेत आसड्या पडलेल्या! दुसरी खेप झाली आणि चार दिवस औत उभं राहिलं.

तेव्हा हळद, राख, वंगण लावण्याआधी जखम उजेडात नीट पाहा. लेप बसला की खरा रंग झाकतो. पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

१) जागा : खांदा, वशिंड की खूर?

२) कारण व दिवस : खिळा किंवा पत्रा लागला असेल तर जरूर सांगा, धनुर्वाताचं भय असतं. कुत्रं चावल्याची शंका असेल तर हे सर्वांत आधी सांगा. अशा जखमेला, बैलाच्या लाळेला उघडा हात लावू नका.

३) माप : जखमेत बोट न घालता बाहेरूनच अंदाज घ्या. दोन बोटं लांब, की तळहाताएवढी?

४) रूप : लाल की काळपट? पू, घाण वास, आसड्या आहेत का?

५) सूज : गरम, दुखरी सूज बहुधा ताजी असते. मऊ पडली तर आत पू असू शकतो. ती घरी फोडू नका. टणक गाठ बहुधा जुनी असते. तिन्हींचे उपचार वेगळे.

६) बैल चारा खातो का, रवंथ करतो का?

एवढं पाहून दवाखान्यात सांगा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. रोज त्याच वेळी जखम पाहा. ती वाढते की आटते, तेही कळवा.

खांदा भरून येईपर्यंत जू ठेवू नका. सावडीनं शेजाऱ्याची जोडी घ्या. आवणी दोन दिवस मागं पडली तर चालेल. बैल गमावला तर पुढच्या सालाचं काय?